वॉर्मअप झाला, चला घरी

तालमीआधी अंग आणि आवाज गरम करावा लागतो, हे मला शिकवायला तीन महिन्यांचं शिबिर करून आलेला माणूस लागला, याचं मला अजून हसू येतं. मी वणीजवळच्या राजूरची. वडील कोळशाच्या खाणीत, घरासमोरून दिवसभर ट्रक. रस्त्यापलीकडच्या नळावर गेलेल्या आईला हाक मारायची तर ती ट्रकच्या आवाजाच्या वरून मारावी लागायची, नाहीतर आई तिकडं आणि दूध इकडं उतू. आमच्या कॉलनीत सगळेच तसे बोलत. त्याला कुणी ओरडणं म्हणत नसे, बोलणंच म्हणत.

लग्न होऊन यवतमाळला आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी फर्मान काढलं, "हळू बोलत जाय व बाई. या घरात कोनी बहिरं नाई."

झालं. तेव्हापासून मी हळू बोलायला लागले. सकाळी एका खासगी शाळेत पोरांना शिकवताना तेवढा आवाज चढायचा, घरी आले की पुन्हा खाली.

यवतमाळला हौशी मंडळींचा नाटकाचा एक ग्रुप आहे, दरवर्षी स्पर्धेत नाटक करतो. त्यात पुरुष भरपूर, पण बाई मिळत नाही ही दरवर्षीची रड. शहरात बायका नाहीत असं नव्हे, संध्याकाळी घराबाहेर पडू शकणारी बाई मिळत नाही. मी कॉलेजात असताना वणीला नाटकांत कामं केली होती, हे कुणीतरी त्यांना सांगितलं आणि मला निरोप आला. नाटक होतं खाणीत गेलेल्या एका गावाचं. शेवटी एक बाई खाणीच्या काठावर एकटी उभी राहते आणि उठून गेलेल्या गावाला हाक मारते. "कोनी हाय का तिकडं? या ना आता घरी. चूल पेटवली मी." एवढंच. पण ती हाक शेवटच्या रांगेपर्यंत पोचली नाही तर नाटक पडलं. ते वाचलं आणि मला वाटलं, हे काम माझं आहे. इतकी खात्री मला लग्न ठरवतानाही नव्हती.

नवऱ्याला विचारलं. तो सरकारी कार्यालयात बाबू आहे, कोणतीही गोष्ट सरळ नाकारत नाही, फक्त तिला एक अट जोडून देतो. "कर ना नाटक, मी काय नाई म्हनून राह्यलो? पन संध्याकायची एकटी कायले जातं? आईले ने सोबत."

म्हणजे बत्तीस वर्षांच्या बाईला सांभाळायला साठीची बाई. मी मान डोलावली. ते काम हवं होतं, त्यापुढं बाकी सगळं चालेल असं वाटलं होतं.

आता दिग्दर्शकाबद्दल. हा गृहस्थ मूळचा महागावचा. वडिलांचं तिथं खता-बियाण्यांचं दुकान, हा दहावीपर्यंत सोयाबीनच्या थैल्या मोजत होता. मग पुण्याकडं तीन महिन्यांचं शिबिर करून आला आणि गावाकडची भाषा तिथंच विसरून आला. आता तो "ऊर्जा" म्हणतो, "अवकाश" म्हणतो, आणि दसऱ्याच्या आधीच्या त्या उकाड्यात गळ्याला मफलर बांधून फिरतो. गळा जपायचा म्हणे. तो स्वतः नाटकात काम करत नाही, एक ओळही बोलत नाही. पण गळा जपतो.

तुळशीचं लग्न लागेपर्यंत मंगल कार्यालयांना गिऱ्हाईक नसतं, म्हणून एका कार्यालयाचा वरचा हॉल आम्हाला मिळाला होता. पहिल्या दिवशी सासूबाई पर्स, पाण्याची बाटली आणि तोंडात लवंग अशा तयारीनिशी आल्या आणि कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. दिग्दर्शकानं टाळी वाजवली.

"इथे प्रेक्षक कुणी नाही. खोलीत जो आहे, तो वर्तुळात."

मी मनात म्हटलं, संपलं. पहिल्याच दिवशी ह्या उठून घरी जाणार, नवरा म्हणणार बघू पुढच्या वर्षी, आणि खाणीच्या काठावर दुसरीच कुणी उभी राहणार. सासूबाईंनी मात्र खुर्चीखाली चपला काढल्या आणि वर्तुळात येऊन उभ्या राहिल्या. "उभंच राहाचं हाय ना?" म्हणाल्या.

उभं राहायचं नव्हतं. आधी लग्नाच्या सतरंज्यांवर आडवं पडून पोटावर हात ठेवायचा आणि श्वास पोटात न्यायचा. त्या सतरंज्यांना जुन्या पंगतींचा वास येत होता, त्यामुळं श्वास पोटात न्यायची कुणालाच हौस नव्हती. मग ओठ बंद करून मधमाशीसारखं गुणगुणायचं. मग ओठ फडफडवून घोड्यासारखं फुरफुरायचं. मग जीभ हनुवटीपर्यंत काढून सिंह व्हायचं. मग रांगायचं. एक विमा विकणारा, एक पतसंस्थेतला कारकून, एक मराठीचा प्राध्यापक आणि बस स्टँडजवळ गाड्यांचं गॅरेज असलेला एक मिस्त्री, असे चार कर्ते पुरुष चार पायांवर हॉलभर फिरत होते आणि भुंकत होते. मिस्त्री नाटकात माझ्या नवऱ्याचं काम करणार होता. तो मुसलमान घरातला, माणूस हसरा, मला भाभी म्हणायचा. रांगत रांगत माझ्याजवळून जाताना म्हणाला, "भाभी, गाडीखाली बी असंच राहा लागते, पन तिथं भुंका लागत नाई."

शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "आता भिंतीकडे तोंड करा. आत जे काही साठलंय, ते आवाजातून बाहेर सोडा."

सगळ्यांनी सोडलं. कुणी आ केलं, कुणी ऊ केलं. आणि मग सासूबाईंनी सोडलं. काय सांगू! हॉलच्या झरोक्यात बसलेली कबुतरं उडाली. खाली कार्यालयाचा रखवालदार होता, तो पळत वर आला. माझी सासू भिंतीवर दोन्ही हात टेकवून ओरडत होती, आणि थांबतच नव्हती. थांबली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी टाळ्या वाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते, बहुतेक तिनंही. मी काही इतकी वाईट नाही, मला त्या क्षणी बरं वाटलं.

"वॉर्मअप झाला," दिग्दर्शक म्हणाला. "पाणी प्या, मग पहिला प्रवेश घेऊ."

सासूबाईंनी पदरानं कपाळ पुसलं, खुर्चीखालून चपला ओढल्या. "चाल. झालं."

"आई, तालीम आता सुरू होते."

"मंग हे काय होतं?"

"हे तालमीच्या आधीचं."

"आधीचं एवढं रायते?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना फसवून आणलं होतं. "नाई बाप्पा. घाम येऊन राह्यला. आंग थंड झालं तं वात भरते. घरी जाऊन तेल लावा लागते, भाकरी टाका लागते. चाल."

मी दिग्दर्शकाकडं पाहिलं. तो म्हणाला, "शरीराचं ऐकायला हवं. काकू बरोबर बोलतायत." आणि मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी रोज श्वास पोटात नेला, मधमाशी झाले, घोडा झाले, सिंह झाले, आणि प्रवेश उभा राहायच्या वेळेला रिक्षात बसून घरी आले. रोज मनापासून कणीक भिजवायची आणि पोळी लाटायचीच नाही, तशी गत. माझ्या जागी तालमीत प्लॅस्टिकची खुर्ची ठेवत. मिस्त्री एकदा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "भाभी, मी रोज खुर्चीसंगं भांडून राह्यलो. बोलत नाई काही, पन टायमावर हाजर रायते."

इकडं सासूबाईंची तब्येत मात्र सुधारली. गुडघे मोकळे झाले, पोट साफ व्हायला लागलं, झोप लागायला लागली. शेजारणींना त्या गेटवर उभ्या राहून सांगत, "ते योगा-बिगा काही नाई. नाटकात जाय. अशी झोप येते!" नाटक म्हणजे भिंतीकडं तोंड करून ओरडणं आणि मग घरी येऊन तेल लावणं, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि ती दूर करायची कुणाला गरज वाटत नव्हती. एकदा मला ताप आला. अंग फणफणलं होतं. मी म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणाल्या, "घामानं उतरते ताप. उठ." त्यांना एकटीनं जाता येत नव्हतं ना. घरातली बाई संध्याकाळी एकटी जात नाही, हा नियम मुळात त्यांनीच केलेला होता, नवऱ्यानं तो मला फक्त ऐकवला होता.

मी दिग्दर्शकाला गाठलं. म्हटलं, "सर, माझा प्रवेश अजून एकदाही झाला नाही. वॉर्मअप थोडा कमी केला तर मला थांबता येईल."

त्यानं डोळे मिटले. हा माणूस उत्तर सुचत नसलं की डोळे मिटतो, लोकांना वाटतं आत पाहतोय. "आपण जमीन तयार करतोय. पिकाची घाई नको. तुमच्या सासूबाईंकडे बघा, किती मोकळ्या झाल्यात."

"त्या मोकळ्या झाल्या सर, मी अडकले."

"हाच तुमचा प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. "तुम्ही शब्दात अडकता."

खताच्या दुकानात बसणाऱ्याला जमीन तयार करणं एवढं सोपं वाटावं याचं नवल नाही. त्याला कधी वखर धरावा लागला नव्हता.

नवऱ्याला सांगितलं, तर तो मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "रोज नेते ना आई तुले? मंग कायचं रडनं हाय?"

मी घरातल्या घरात वाक्यं पाठ केली. भाकरी थापताना, पोरांच्या वह्या तपासताना, ओठ न हलवता. सगळं नाटक पाठ झालं, माझं आणि मिस्त्रीचंही. ती हाक मात्र मी एकदाही मोठ्यानं मारली नव्हती. हॉलमध्ये वेळ नव्हता आणि घरात कोणी बहिरं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी वॉर्मअप संपला आणि दिग्दर्शकानं सगळ्यांना वर्तुळातच थांबवलं. मफलर सारखा केला. म्हणाला, "मी खूप विचार केला. या नाटकातली बाई म्हणजे एक आवाज आहे. आणि आपल्यात सर्वात मोकळा आवाज कुणाचा आहे, हे आपण सगळे रोज ऐकतो."

मी क्षणभर येडीसारखी सरसावले. तो सासूबाईंकडं पाहत होता.

"मले?" सासूबाई म्हणाल्या. "बाप्पा! माह्यानं पाठ होईन का एवढं?"

"अभिनय पाठ होत नसतो काकू. तो आतून येतो."

आतून काय येतं ते मी रोज जेवणानंतर ऐकत होते. मिस्त्रीनं हात वर केला. "सर, एक गोष्ट विचारू का? मंग हे माही बायको का माही माय?"

"वय ही बाहेरची गोष्ट आहे."

मला राग आला. दुःख-बिःख नाही, साधा सरळ राग आला. एवढा आला की मधमाशीचं गुणगुणणं कानात सुरू झालं. सासूबाई माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "सर म्हनतात तं मी काय करू? तुयी काही नाराजी नाई ना?" आणि उत्तर येण्याआधीच त्यांनी प्राध्यापकाकडं वळून विचारलं, "लुगडं कोनतं लागन?"

मजा म्हणजे त्या दिवसापासून वात कुठं गेला कुणास ठाऊक. अंग थंड झालं तरी चालायला लागलं. भाकरी मी दुपारीच टाकून ठेवायच्या, असं ठरलं. टीव्हीवरची रोजची मालिका सुटली तरी बिघडलं नाही. आणि घरातली बाई संध्याकाळी एकटी जात नाही म्हणून सोबत कोण? मी. त्यांच्या चपला राखत मी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले. तालीम मन लावून पूर्ण पाहायचे. मात्र त्याआधी, खोलीत जो आहे तो वर्तुळात, म्हणून वॉर्मअप मलाही चुकला नव्हता. नाटकात काम नसलेली मी त्या ग्रुपमधली सर्वात गरम बाई होते.

घरी त्यांच्याकडून वाक्यं पाठ मीच करून घ्यायची. त्या ओट्याला टेकून उभ्या, मी कणीक मळत. "कोनी हाय का तिकडं," मी हळू म्हणायचे. "कोनी हाय का तिकडं," त्या म्हणायच्या, आणि मग "पुढं काय व?" पुढचं रोज मी सांगत होते. एकदा वाटलं, चुकीचं सांगावं. नाही सांगितलं, कारण ती हाक खराब झालेली मला ऐकवली नसती.

स्पर्धेचा दिवस आला. पडद्यामागं दिग्दर्शकानं नेहमीपेक्षा लांब वॉर्मअप घेतला. नाट्यगृह भरलेलं, समोर परीक्षक बसलेले, आणि आत आमची मंडळी भुंकत होती. व्यवस्थापक घाबरून विंगेत आला आणि विचारायला लागला, कुत्रे घुसले का आत. मिस्त्रीचा घसा तिथंच खरवडला. सासूबाईंना तर दिग्दर्शकानं खास भिंत दिली. "आज सगळं सोडा काकू, काही ठेवू नका." त्यांनी सांगितल्याप्रमाणं केलं. आज्ञाधारक बाई आहे ती, फक्त कुणाच्या आज्ञा पाळायच्या ते ती निवडते. सगळं सोडलं, काही ठेवलं नाही.

पहिले प्रवेश कसेबसे पार पडले. आवाज बसत चाललेला मला विंगेतूनच कळत होता. मी त्यांची शाल आणि गरम पाण्याचा थर्मास धरून उभी होते. शेवटचा प्रवेश आला. दिवे उतरले, एकच झोत राहिला, सासूबाई काठावर येऊन उभ्या राहिल्या. मिस्त्री नाटकात मरून पडलेला होता. त्यांनी तोंड उघडलं आणि हवा बाहेर आली. फक्त हवा.

पुन्हा उघडलं. पुन्हा हवा. सभागृहात कुणीतरी खोकललं. मेलेल्या मिस्त्रीनं मान वळवून विंगेकडं, माझ्याकडं पाहिलं. दिग्दर्शक पलीकडच्या विंगेत होता. त्यानं डोळे मिटले.

मी काही ठरवलं नाही. आई नळावर आहे आणि मधे ट्रक आहेत, एवढंच होतं माझ्या डोक्यात. मी हाक मारली.

"कोनी हाय का तिकडं?"

ती गेली. शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि मागच्या दारावर आपटून परत आली, मला ऐकू आलं. खोकणारा माणूस गप्प झाला. मी पुढचं म्हटलं. या ना आता घरी. चूल पेटवली मी. माझ्या छातीत एवढी जागा आहे हे मलाच माहीत नव्हतं, आणि मला आनंद झाला, त्या अंधारात थर्मास धरून उभी असताना मला प्रचंड आनंद झाला.

मग मी रंगमंचाकडं पाहिलं. सासूबाईंनी दोन्ही हात पसरले होते, मान वर केली होती, आणि तोंड माझ्या शब्दांबरोबर उघडत होत्या, मिटत होत्या. एक अक्षर चुकलं नाही. पाठांतर अगदी पक्कं झालं होतं.

टाळ्या थांबेनात. निकालात सासूबाईंना अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. परीक्षक म्हणाले, या वयात हा आवाज म्हणजे साधना आहे. दिग्दर्शकानं माईक हातात घेऊन वॉर्मअपचं महत्त्व सांगितलं. ग्रुपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण ग्रुपला पहिल्यांदाच काहीतरी मिळालं होतं, तेव्हा बोलणार कोण? एकट्या मिस्त्रीनं पाहुण्यांकडं पाठ करून माझ्याकडं पाहत टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर ते बरं दिसलं नाही, असं प्राध्यापक नंतर म्हणाले.

रिक्षात सासूबाई खिडकीकडं बसल्या होत्या. आवाज गेलेला, नुसती कुजबुज. माझ्या हातावर हात ठेवला. "तुया आवाज चांगला हाय व." मी वाट पाहिली. मला वाटलं, आता पुढचं म्हणतील. म्हणाल्याच. "पन घरी असा काढू नको. लोक आयकतात."

प्रमाणपत्र घेतानाचा फोटो फ्रेम करून बैठकीत लागला. नवऱ्यानं भिंतीत स्वतः खिळा ठोकला, इतका उत्साह मी त्याच्यात गॅस सिलिंडर बदलतानाही पाहिला नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाला फोटो दाखवायचा आणि मी चहा आणायचा, असा क्रम ठरला. पुन्हा नाटकात काम करणार का, असं कुणी विचारलं तर सासूबाई म्हणत, "नाई, एकदा झालं, बस." हे मात्र त्यांनी शहाणपणानं ठरवलं. पुढच्या वेळी विंगेत कोण असेल, याचा त्यांनाही भरवसा नव्हता.

या वर्षी नवरात्र जवळ आलं, ग्रुपच्या नव्या नाटकाची तालीम सुरू झाली आणि मलाही निरोप आला, तेव्हाच एकदा नवऱ्याच्या कार्यालयातला एकजण सपत्नीक आला होता. त्या बाईंनी फोटो पाहिला, कौतुक केलं आणि माझ्याकडं वळून सहज विचारलं, "तुम्ही नाही का करत नाटक?"

मी तोंड उघडण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "तिले आवड हाय. पन टाईम कुठं भेटते तिले."

मी ट्रे खाली ठेवला. श्वास पोटात नेला, त्या मफलरवाल्यानं शिकवला होता तसाच.

"भेटते," मी म्हटलं. "उद्यापासून मी जाऊन राह्यली. एकटी."

ओरडले नाही. राजूरला ज्याला बोलणं म्हणतात, तेवढंच. पाहुण्यांचा कप बशीत वाजला आणि नवऱ्यानं मोबाईलमधून डोकं काढलं. त्याची बायको अशी बोलते हे त्याला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं असावं.

आता रोज संध्याकाळी भांडण होतं. मी कपाट उघडते तिथून सुरू. "भाकरी कोन टाकन?" "तुम्ही." "माहे गुडघे दुखून राह्यले." "भिंतीकडं तोंड करून ओरडा." मग नवरा, "अवं पन आईले घेऊन जाय ना, तिलेबी बरं वाटते." मग मी, बैठकीतून गेटपर्यंत. आधी खालच्या पट्टीत, मग मधल्या, आणि स्कूटी सुरू होत नाही तेव्हा वरच्या. किक मारता मारता खांदे मोकळे होतात, पाठ मोकळी होते, घाम येतो. लोक ऐकतात. ऐकू देत.

पहिल्या दिवशी मी हॉलमध्ये पोचले तेव्हा मंडळी सतरंज्यांवरून उठत होती. दिग्दर्शकानं मफलर सारखा केला. "वॉर्मअप चुकवला तुम्ही. आमचा नियम माहितीय ना?"

"माझा झाला, सर. घरूनच करून आले."

त्यानं डोळे मिटले. मिस्त्री पुढं झाला, माझ्या जागी ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची त्यानं उचलली आणि भिंतीला लावून ठेवली.